चाळिशीनंतर पुन्हा विद्यापीठात: करिअर बदलू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पस्तिशी ते पंचावन्न या वयात चालू काम सोडून पुन्हा शिकायला जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. प्रश्नांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी काम, मग पदवी. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. अभ्यासक्रमांच्या याद्या चाळतात, प्रवेश घेतात, आणि हे शिकून आपण रोज नक्की काय करणार आहोत हा प्रश्न त्यांना दुसऱ्या सत्रात पडतो.

माझं वय ४४ आहे. उशीर झालाय का?

कशासाठी, यावर ते अवलंबून आहे. "चार वर्षांनी तुम्ही तसेही ४८चे होणारच आहात, मग पदवी घेऊनच व्हा" हा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. वर्षं तशीही जाणार; पण त्या वर्षांतला पगार, झोप आणि रविवार तसेही जाणार नसतात.

हिशेब शेवटाकडून मांडा. किती वयापर्यंत काम करायचं आहे? ६५ धरलं तर हातात २१ वर्षं आहेत. शिकण्याची ४ आणि नव्या क्षेत्रात पाय रोवायची २-३ वजा केली तरी १४-१५ उरतात. एवढ्या काळात शिक्षक, परिचारिका, समुपदेशक, वकील म्हणून चांगली कारकीर्द होऊ शकते. मेंदूचे शल्यविशारद व्हायचं असेल, तर मूळ वैद्यकीय पदवी आणि त्यावरचं प्रशिक्षण यांतच एक तप निघून जातं. तिथे उत्तर जवळपास 'हो, उशीर झालाय' असंच आहे. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मात्र आरोग्यक्षेत्रात जायचं म्हणजे शल्यविशारदच व्हायचं असंही नाही. फिजिओथेरपी, वाचा-उपचार (स्पीच थेरपी), रुग्णालय व्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य ही दारं या वयातही उघडी असतात.

मला काम बदलायचंय की फक्त साहेब बदलायचाय, हे कसं ओळखू?

स्वतःला विचारा: हेच काम, पण दुसरी जागा, बरा साहेब आणि थोडा कमी बोजा. अशी नोकरी उद्या समोर आली, तर हायसं वाटेल का? वाटणार असेल तर तुम्हाला नोकरी बदलायची आहे. त्यासाठी विद्यापीठ लागत नाही.

दुसरी कसोटी अधिक बोचरी आहे. तुमच्याच कामात तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या वर असलेल्या माणसाचा दिवस बघा. त्याचा पगार आणि केबिन बाजूला ठेवा, फक्त दिवस बघा: बैठका, फोन, निर्णय, कटकटी. तो दिवस तुम्हाला हवासा वाटत नसेल, तर या वाटेवर पुढे जाऊनही समाधान मिळणार नाही. मग व्यवसाय बदलण्याचा विचार रास्त आहे.

तिसरी शक्यता थकव्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद आहे. आजार म्हणून ती केलेली नाही, कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था म्हणून केली आहे. तिची लक्षणं तीन: गळून गेल्यासारखा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. या अवस्थेत कुठलंही दुसरं क्षेत्र सुंदर दिसतं. त्यात घेतलेला निर्णय चुकीचाच ठरेल असं नाही, पण तो विश्रांतीनंतर पुन्हा एकदा तपासावा. सुट्टी घेऊन, झोप भरून काढून महिन्याभरानेही तीच ओढ वाटत असेल, तर ती खरी धरायला हरकत नाही.

नवं क्षेत्र आवडेल की नाही, हे शिकण्याआधी कसं कळणार?

पुस्तकं वाचून कळत नाही, आणि व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. त्या कामातल्या चार-पाच माणसांना भेटा. "तुमचं क्षेत्र कसं आहे?" असं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल. "काल सकाळी कामावर आल्यापासून काय काय केलंत?" असं विचारा.

उत्तरं बऱ्याचदा भ्रमनिरास करणारी असतात, आणि ते चांगलंच आहे. वकिलाचा वेळ न्यायालयात कमी आणि मसुद्यांत जास्त जातो. समुपदेशकाला ऐकण्याइतक्याच नोंदी लिहाव्या लागतात. संशोधक निधीच्या अर्जांत बुडालेला असतो. शिक्षकाच्या डोक्यावर वर्गाबाहेरच्या कागदांचा ढीग असतो. त्या व्यवसायातला सगळ्यात कंटाळवाणा भाग ऐकूनही "चालेल, एवढं तर करीनच" असं वाटलं, तर पुढे जा. शक्य असेल तर काही आठवडे सुट्टीच्या दिवशी तिथे स्वयंसेवक म्हणून राबा. पदवीच्या तुलनेत हे फुकटच आहे.

पदवी लागतेच का?

काही व्यवसायांत लागतेच. वैद्यक, परिचर्या, कायदा, वास्तुरचना, औषधनिर्माण यांत मान्यताप्राप्त पदवी आणि परवाना नसेल तर काम करणं बेकायदा ठरतं. तिथे एकच गोष्ट तपासायची: तुम्ही बघताय तो अभ्यासक्रम परवाना देणाऱ्या संस्थेला मान्य आहे का? माहितीपत्रकावर विसंबू नका, त्या संस्थेचीच यादी पाहा. नावात 'वैद्यकीय' किंवा 'मानसशास्त्र' असलेला प्रत्येक अभ्यासक्रम परवान्यापर्यंत पोचवत नाही.

दुसऱ्या गटात पदवी कायद्याने लागत नाही, पण निवड करणारे तिच्यावरून चाळणी लावतात: व्यवस्थापन, अर्थविश्लेषण, मनुष्यबळ. इथे तुमचा अनुभव कधी कधी पदवीची जागा घेतो, कधी नाही. वीस-पंचवीस नोकरीच्या जाहिराती जमवा आणि 'आवश्यक' या शब्दाखाली काय येतं ते मोजा. एका संध्याकाळचं काम आहे, पण त्याने अनेकांची दोन वर्षं वाचतात.

तिसऱ्या गटात हातचं काम बघतात. प्रोग्रॅमिंग, ग्राफिक डिझाइन, लेखन, छायाचित्रण. इथे पूर्ण पदवीऐवजी छोटा अभ्यासक्रम आणि दाखवण्याजोगं काम पुरतं. अर्थात, शिस्त आणि सोबत हवी म्हणून कुणी या क्षेत्रातही विद्यापीठ निवडतं. तेही कारण असू शकतं, फक्त ते कारण आहे हे मान्य करून फी भरा.

आता या वयात डोकं चालेल का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि विचारताना आवाज जरा खाली येतो.

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार मांडले आणि जॉन हॉर्न यांनी ती मांडणी पुढे नेली. एक प्रवाही: नवं कोडं झटपट सोडवणं, अनोळखी आकृतीतला क्रम हेरणं. दुसरा साचलेला: शब्दसंपदा, ज्ञान, अनुभवातून आलेली समज. पहिला तरुणपणीच कळस गाठून हळूहळू उतरतो. दुसरा पुढे कित्येक वर्षं वाढत राहतो. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्माइन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात चित्र आणखी बारकाईने दिसलं. वेगवेगळ्या क्षमता वेगवेगळ्या वयात कळसाला पोचतात. माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग विशीच्या आसपास, तर शब्दसंपदा त्याच्या कितीतरी नंतर.

सिअॅटलमध्ये के. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. त्यातून दिसलं की बहुतेक क्षमतांची लक्षणीय घसरण साठीच्या आधी सुरू होत नाही, आणि माणसामाणसांत फरक खूप असतो.

व्यवहारात याचा अर्थ असा: वेळेचं बंधन असलेल्या, भराभर उत्तरं मागणाऱ्या परीक्षेत विशीतला विद्यार्थी तुमच्या पुढे जाईल. निबंध, प्रकरण-अभ्यास (केस स्टडी), प्रत्यक्ष प्रकल्प यांत तुम्ही मागे पडायचं कारण नाही, बऱ्याचदा पुढेच असाल. त्यामुळे अभ्यासक्रम निवडताना मूल्यमापन कसं होतं ते जरूर पाहा. बहुपर्यायी प्रश्नांच्या तीन तासांच्या परीक्षांवरच सगळे गुण असतील, तर त्या पद्धतीचा सराव आधीपासून करावा लागेल.

मग अभ्यास कसा करायचा? पूर्वी तर पाठ करायचो.

तेव्हाही ते फारसं चालत नव्हतं; फक्त वेळ भरपूर होता म्हणून निभावलं.

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरसमूहांचे प्रयोग करून दाखवलं की नव्याने पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या तासा-दिवसातच निसटतं, पुढे निसटण्याचा वेग मंदावतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन तुलना केली. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून आठवून लिहायचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त येतंय असा भरवसा वाटत होता.

म्हणून ओळींखाली रंगीत रेघा मारत बसू नका. एक प्रकरण वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग काय सुटलं ते बघा. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. सलग पाच तासांपेक्षा विखुरलेले पाच एक-एक तास जास्त टिकतात. नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला सलग पाच तास तसेही मिळत नाहीत, तेव्हा इथे नाइलाजच उपयोगी पडतो.

झोपेतून वेळ काढायचा मोह मात्र होतोच. शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. पहाटे तीनपर्यंत वाचून सहाला उठणारा माणूस जे मिळवतो तेच गमावतो.

आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं वाचताना डोळ्यांवर ताण येतो आणि लोक त्याला 'अभ्यासात मन लागत नाही' असं म्हणत राहतात.

गणिताला कॉलेजनंतर हात लावलेला नाही. संख्याशास्त्र आहे अभ्यासक्रमात.

प्रवेशाच्या किमान चार महिने आधी सुरू करा. सुरुवात मात्र संख्याशास्त्रापासून नको. अपूर्णांक, टक्केवारी, समीकरणं, आलेख हा शाळेतला पाया आधी. प्रौढ विद्यार्थी अडतात ते बहुतेक वेळा प्रगत संकल्पनांवर नाही, अपूर्णांकांच्या व्यवहारात हात जड झाल्यामुळे. मुलांची आठवी-नववीची पुस्तकं घरात असतील तर ती काढा. लाजायचं काही कारण नाही.

पूर्णवेळ, अर्धवेळ की दूरशिक्षण?

तास मोजल्याशिवाय उत्तर देता येत नाही. युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पूर्णवेळ वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. त्यात वर्ग, वाचन, लेखन, परीक्षा सगळं आलं. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास, जवळपास एक पूर्ण नोकरीच. अर्ध्या गतीने गेलात तर ७५० ते ९००. वर्षातले ४० आठवडे अभ्यासाचे धरले, तर आठवड्याला १९ ते २२ तास. दुसरीकडे श्रेयांकाचं माप वेगळं असेल, पण पदवीचं एकूण वजन फार वेगळं नसतं.

आता तुमचा एखादा खराखुरा आठवडा कागदावर मांडा. आदर्श आठवडा नको, गेला आठवडा घ्या. त्यात २० तास कुठे आहेत? सापडले तर अर्धवेळ. दहाच सापडले तर आणखी हळू जाणारा, विषय सुटे सुटे घेऊ देणारा अभ्यासक्रम शोधा. दहाही नसतील, तर आधी आयुष्यातून काय वजा करायचं ते ठरवा. 'जमवून घेऊ' हा शब्द या जागी धोक्याचा आहे.

दूरशिक्षण म्हणजे दुय्यम, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरून परीक्षा देण्याची सोय केली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली, १९७१ मध्ये शिकवणं सुरू झालं, आणि पूर्वीची कुठलीही पात्रता न मागता प्रवेश द्यायचा हे त्याचं तत्त्व होतं. भारतातलं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५चं, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चं. ही विद्यापीठं नोकरदारांना समोर ठेवूनच उभी राहिली आहेत.

दूरशिक्षणातली खरी अडचण एकटेपणाची आहे. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव घालणाऱ्यांपैकी पूर्ण करणारे बहुधा १५ टक्क्यांच्याही आत असतात, हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे. पैसे भरून, वेळापत्रक स्वीकारून शिकणाऱ्यांचं प्रमाण बरंच बरं असतं. तेव्हा दूरशिक्षण घेणार असाल, तर ठरलेल्या तारखांना गृहपाठ मागणारं, नावानिशी मार्गदर्शक देणारं विद्यापीठ निवडा. 'तुमच्या सवडीने कधीही' असं सांगणारा अभ्यासक्रम मी तरी या वयातल्या कुणाला सुचवत नाही. या वयात सवड येत नाही, काढावी लागते.

पैशाचं गणित कसं मांडू?

फी हा त्यातला लहान आकडा असतो. नोकरी सोडून शिकणार असाल, तर बुडालेला पगार हा मोठा. त्यात निवृत्तीसाठी बाजूला पडणारी आणि व्याजावर वाढणारी रक्कम धरा. चाळिशीतली चार वर्षं बचत थांबली की शेवटी दिसणारा खड्डा चार वर्षांच्या बचतीपेक्षा मोठा असतो.

सोपा हिशेब असा. फी अधिक बुडालेलं उत्पन्न, भागिले नव्या कामातलं दरवर्षीचं जास्तीचं उत्पन्न. येणारी संख्या म्हणजे पैसे वसूल व्हायला लागणारी वर्षं. उदाहरणार्थ, सध्याचं वार्षिक उत्पन्न १०० धरा. दोन वर्षं पूर्णवेळ शिक्षण, फी एकूण ६०, बुडालेला पगार २००. पदवीनंतर उत्पन्न १३० झालं तर दरवर्षी ३० जास्त. २६० भागिले ३० म्हणजे जवळपास ९ वर्षं. हेच शिक्षण नोकरी सांभाळून केलं, तर ६० भागिले ३०, म्हणजे २ वर्षं. अर्धवेळ शिकण्याचा त्रास किती मोलाचा आहे ते या दोन आकड्यांवरून कळेल.

आता अवघड भाग. अनेकांच्या बाबतीत नव्या कामाचं उत्पन्न आताच्यापेक्षा कमीच असतं. बँकेतली व्यवस्थापक शाळेत शिकवायला गेली, तर भागाकार करायलाच काही उरत नाही. मग याला गुंतवणूक म्हणू नका. हा आवडीच्या कामासाठी केलेला खर्च आहे. घर तो पेलू शकत असेल तर बेलाशक करावा. फक्त 'पुढे वसूल होईल' अशी स्वतःची समजूत घालून कर्ज काढू नये. कर्ज घेणारच असाल, तर शेवटचा हप्ता निवृत्तीच्या बराच आधी संपला पाहिजे.

कंपनी फी भरत असेल तर करार नीट वाचा. पदवीनंतर किती वर्षं थांबावं लागेल, आधी सोडलं तर किती परत करायचे, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काय? तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

पूर्वी अर्धवट सोडलेलं शिक्षण किंवा कामाचा अनुभव मोजला जातो का?

पुष्कळ ठिकाणी जातो, पण मागितल्याशिवाय नाही. फ्रान्समध्ये २००२ पासूनच्या कायद्यानुसार कामाच्या अनुभवाची छाननी करून त्यावर संपूर्ण पदवीही मिळू शकते. इतरत्र बहुधा काही विषयांतून सूट मिळते. त्यासाठी जुनी गुणपत्रकं पुरत नाहीत. त्या वेळचा अभ्यासक्रम, विषयांचा तपशील, कामाचे पुरावे लागतात. जुन्या श्रेयांकांना अनेकदा मुदतही असते, संगणक आणि विज्ञान विषयांत जास्तच.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९६८ मध्ये सोडलेलं शिक्षण लाँग बीचच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतून २००२ मध्ये पूर्ण केलं. 'क्वीन' बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी सत्तरच्या दशकात बाजूला ठेवलेली खगोलभौतिकीची पीएचडी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून २००७ मध्ये पुरी केली. विषय होता सूर्यमालेतली धूळ. मधल्या काळात त्या विषयावर तुलनेने कमी काम झालं होतं, त्यामुळे जुनं काम अगदीच मोडीत निघालं नव्हतं. तुमचा जुना विषय तेवढा सुदैवी आहे का, हे पाहूनच जुनं पुढे न्यायचं की नवं सुरू करायचं ते ठरवा. नाव आणि पैसा असलेल्यांच्या अशा गोष्टी प्रेरणेसाठी फिरवल्या जातात. मला त्यांतलं प्रशासकीय अंग जास्त उपयोगी वाटतं: विद्यापीठं जुनी खाती पुन्हा उघडतात.

अर्जात वीस वर्षांचा अनुभव कसा लिहू?

कमी लिहा. निवड समितीला तुमचं सगळं आत्मचरित्र नको असतं. आजवरच्या कामात कुठला प्रश्न पडला, तो सोडवायला तुमचं ज्ञान कुठे कमी पडलं, आणि याच अभ्यासक्रमातल्या कुठल्या विषयाने ती उणीव भरेल, हे तीन मुद्दे एका पानात बसतात. "मला लहानपणापासून आवड होती" हे वाक्य गाळा. शिफारसपत्रासाठी पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांना शोधत बसू नका. तुमचं काम जवळून पाहिलेला वरिष्ठ चालतो का, ते प्रवेश कार्यालयाला विचारा. सहसा चालतो.

घरच्यांना कसं सांगू?

'तुमचा पाठिंबा हवाय' असं सांगू नका. पाठिंबा सगळेच देतात, भांडी कोण घासणार हा प्रश्न राहतो. मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ, परीक्षेआधीचे दोन आठवडे, मुलांचा अभ्यास, वडिलांच्या तपासण्या: प्रत्येक गोष्टीपुढे नाव लिहा. जे काम कुणाच्याच नावावर जात नाही, ते पैसे देऊन करून घ्यायचं की सोडून द्यायचं तेही तेव्हाच ठरवा. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच खरं आहे. शिकायला परवानगी मिळते, कामं मात्र कमी होत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी क्वचितच कुणी सांगतं. शिकताना माणूस बदलतो. शिक्षणतज्ज्ञ जॅक मेझिरो यांनी पुन्हा कॉलेजात आलेल्या अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास केला (तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला) तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या स्त्रिया नुसती नवी माहिती घेऊन जात नव्हत्या, स्वतःकडे आणि संसाराकडे बघण्याची त्यांची चौकटच हलत होती. घरातला माणूस नवे शब्द, नवे मित्र, नवी मतं घेऊन येतो तेव्हा बाकीच्यांना आपण मागे पडलो असं वाटू शकतं. जे शिकताय त्यातलं थोडं जेवताना सांगत राहा. ऐकणाऱ्याला विषय कळला नाही तरी चालेल.

वर्गात सगळे माझ्या मुलांच्या वयाचे असतील. अवघड होईल का?

पहिले दोन आठवडे. त्यांना तुमच्या वयात तुम्हाला वाटतो तेवढा रस नसतो. गटप्रकल्पात तुम्ही न मागता प्रमुख होऊन बसाल, ते टाळा. तुम्ही शिकायला आला आहात. प्रत्येक चर्चेत "आमच्या कंपनीत असं करायचो" हे सुरू केलंत तर दुसऱ्या महिन्यात तुमच्याशेजारची खुर्ची रिकामी दिसेल. प्राध्यापक वयाने लहान असतील तरी त्या विषयात ते तुमचे गुरू आहेत. 'सर', 'मॅडम' म्हणायला जीभ अडखळत असेल तर ती घरी सरावून या.

पदवी मिळाल्यावर या वयात नोकरी देईल कोण?

वयावरून भेदभाव होतो. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत वेगवेगळ्या वयांचे ४० हजारांहून अधिक बनावट अर्ज पाठवून पाहिलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वयस्क स्त्रियांना, विशेषतः निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना, मुलाखतीचं बोलावणं ठळकपणे कमी आलं. पुरुषांच्या बाबतीतला पुरावा तेवढा पक्का नव्हता.

म्हणून जाहिरात पाहून अर्ज करणाऱ्या नव्या पदवीधरांच्या रांगेत उभं राहणं हा तुमचा सगळ्यात कमकुवत डाव आहे. तुमची ताकद जुन्या आणि नव्याच्या सांध्यावर असते. वीस वर्षं विमा क्षेत्रात काढलेला माणूस डेटा विश्लेषण शिकला, तर त्याने विमा कंपन्यांकडे जावं. तिथे त्याच्या तोडीचा पंचविशीतला उमेदवार नसतो. परिचारिका कायदा शिकली तर वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत तिला कागद वाचता येतात, इतर वकिलांना ते समजावून घ्यावे लागतात. जुनं क्षेत्र पूर्ण पुसून टाकायची इच्छा समजू शकते, पण तिची किंमत मोठी असते.

शिकत असतानाच प्रशिक्षणार्थी म्हणून काम मिळवा, पहिल्याच वर्षी. काही ठिकाणी प्रशिक्षणासाठी वयाची किंवा 'नुकताच पदवीधर' अशी अट असते, ती आधी तपासा. सुरुवातीला पंचविशीतल्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करावं लागेल. मुलाखतीत याबद्दल थेट विचारतात. त्या वेळी चेहरा पडला तर उत्तर कितीही छान असून उपयोग नाही.

मध्येच सोडावं लागलं तर?

प्रवेश घेतानाच तीन गोष्टी विचारून ठेवा: फी परत मिळण्याची शेवटची तारीख, शिक्षण किती काळ स्थगित ठेवता येतं, आणि एक-दोन वर्षांनी बाहेर पडल्यास प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते का. आजारपण, नोकरीतली बदली, आईवडिलांचं दुखणं ही या वयातली नेहमीची कारणं आहेत, तेव्हा स्थगितीचा अर्ज करताना अपराधी वाटून घेऊ नका.

आवडत नाही म्हणून सोडायचं असेल, तर 'एवढे पैसे भरलेत' हे शिकत राहण्याचं कारण धरू नका. गेलेला पैसा दोन्ही वाटांवर गेलेलाच आहे. अपवाद एकच: शेवटचं सत्र. तिथे अभ्यास कितीही नकोसा झाला असला तरी पदवी पदरात पाडून घ्या आणि मग हवं तिकडे जा.

मला करिअर वगैरे काही नको, नुसतं शिकायचंय. तरी पदवीला जाऊ का?

परीक्षा न देता वर्गात बसू देणारी विद्यापीठं आहेत. आधी तसा एक विषय घेऊन बघा. परीक्षेची धास्ती असल्याशिवाय आपण वाचत नाही हे स्वतःबद्दल माहीत असेल, तर मात्र रीतसर प्रवेश घ्या.